बँकेच्या खतावणीतला शाहीर

रॉबर्ट सर्व्हिस हा क्लॉन्डाइकच्या सोन्याच्या धावपळीचा कवी म्हणून ओळखला जातो, आणि ती धावपळ त्याने डोळ्यांनी पाहिलेलीच नव्हती. कॅनडाच्या वायव्य टोकाला असलेल्या युकॉन प्रदेशात, क्लॉन्डाइक नदीच्या खोऱ्यातल्या एका ओढ्यात १८९६ च्या ऑगस्टमध्ये सोने सापडले. दोनेक वर्षांत सुमारे एक लाख माणसे घरदार सोडून तिकडे निघाली, त्यांतली तीस-चाळीस हजार कशीबशी पोचली, आणि १८९९ मध्ये अलास्कातल्या नोमच्या किनाऱ्यावर सोने असल्याची बातमी आली तेव्हा त्यांतली पुष्कळशी आली तशी निघूनही गेली. सर्व्हिस तिथे पोचला १९०४ मध्ये, कॅनेडियन बँक ऑफ कॉमर्सच्या व्हाइटहॉर्स शाखेत बदली झालेला कारकून म्हणून. आधीच्या लोकांनी वर्षभराचा शिधा पाठीवर मारून चिलकूटची बर्फाळ खिंड ओलांडली होती. कॅनडाच्या घोडेस्वार (माउंटेड) पोलिसांचा तसा दंडकच होता, आणि सगळे सामान टनाच्या घरात जात असल्यामुळे एकेका माणसाला ती चढण पुन्हा पुन्हा, कित्येक वेळा चढावी लागे. सर्व्हिस आला तो तिकीट काढून, आगगाडीने.

या माणसावर शंभराहून अधिक वर्षे दोन आरोप होत आले आहेत. जे पाहिले नाही ते पाहिल्यासारखे लिहिले, हा एक. आणि लिहिले ती कविता नव्हेच, नुसती जुळवाजुळव आहे, हा दुसरा. दोन्ही आरोप डोक्यावर घेऊन सर्व्हिस टिकला, इतकेच नव्हे, तर ज्यांनी आरोप केले त्यांची नावे आज अभ्यासकांखेरीज कुणाला सांगता येणार नाहीत आणि त्याच्या दोन कविता मात्र कॅनडातल्या शाळकरी मुलांना अजून तोंडपाठ असतात. लोकप्रियता हा गुणवत्तेचा पुरावा असतो असे मी मुळीच म्हणणार नाही. तसे असते तर आपल्याकडच्या वरातीत वाजणाऱ्या गाण्यांना ज्ञानपीठ द्यावे लागले असते. माझे म्हणणे एवढेच आहे की दुसरा आरोप चुकीच्या तराजूत तोललेला आहे, आणि पहिला आरोप कवीवर ठेवण्यापेक्षा त्याच्या कवितेला इतिहासाच्या गादीवर बसवणाऱ्यांवर ठेवायला हवा.

सर्व्हिसचा जन्म १६ जानेवारी १८७४ चा, इंग्लंडातल्या प्रेस्टनचा. बालपण मात्र स्कॉटलंडातले. लहानपणी काही वर्षे तो किल्विनिंग या गावात पोस्टमास्तर असलेल्या आजोबांकडे आणि अविवाहित आत्यांकडे वाढला, पुढे ग्लासगोत शिकला आणि वडिलांच्या पावलावर पाऊल टाकून बँकेत चिकटला. बँकेच्या गल्ल्यावर बसून त्याने स्वप्ने पाहिली ती घोड्यावर बसून गुरे हाकण्याची. १८९६ मध्ये, म्हणजे क्लॉन्डाइकला सोने सापडले त्याच वर्षी, तो कॅनडाला निघाला, तोही बफेलो बिलच्या थाटाचा काउबॉयचा पोशाख बरोबर घेऊन. प्रत्यक्षात व्हँकुव्हर बेटावर त्याच्या वाट्याला शेतावरची हमाली आली. माणसांचे लोंढे जहाजे भरभरून उत्तरेला चालले होते तेव्हा हा गृहस्थ दक्षिणेला, कॅलिफोर्नियाकडे चालला होता. तिथे त्याने संत्री तोडण्यापासून मिळेल ते काम केले. सहा-सात वर्षे अशी भटकंती झाल्यावर १९०३ मध्ये तो पुन्हा बँकेच्या दारात उभा राहिला. ज्या नोकरीपासून पळून तो अर्धे जग ओलांडून आला होता त्याच नोकरीने त्याला शेवटी युकॉनला नेऊन सोडले, आणि तिथे त्याला त्याचा विषय मिळाला.

व्हाइटहॉर्स हे तेव्हा लहानसे गाव होते. हिवाळा लांबलचक, करमणुकीची साधने नाहीत. त्यामुळे चर्चच्या सभागृहात अधूनमधून कार्यक्रम होत आणि त्यांत सर्व्हिस इतरांच्या कविता म्हणून दाखवी. असल्या कविता म्हणणे हा त्या काळातला मानाचा छंद होता. ज्याच्या कविता तो म्हणत असे त्या किपलिंगचा जन्म आपल्या मुंबईचा, आणि साध्या शिपायाच्या बोलीत ठेक्याची कविता लिहिण्याचा किपलिंगने घालून दिलेला धडा सर्व्हिसने पुढे इतका गिरवला की कॅनडाचा किपलिंग हे बिरुद त्याला आयुष्यभर चिकटले. स्थानिक वर्तमानपत्राच्या संपादकाने एकदा त्याला सुचवले, की पुढच्या कार्यक्रमासाठी आपल्या इथल्या मातीवर काहीतरी स्वतःचे लिही. त्यातून १९०६ च्या सुमारास डॅन मॅग्र्यूची कविता आली, आणि पाठोपाठ कुणा खाणवाल्याच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टीवरून सॅम मॅगीची. सॅम मॅगी हे नाव त्याला सापडले बँकेच्या खतावणीत. या नावाचा एक खराखुरा खातेदार होता, ऑन्टारियोचा राहणारा, रस्ते बांधणारा. त्याच्या आडनावाला टेनेसी हे यमक जुळते म्हणून कवीने त्याला अमेरिकेच्या दक्षिणेतला करून टाकले, थंडीत गारठवले आणि मारले. तो खातेदार बिचारा पुढे बरीच वर्षे जिवंत होता आणि ओळख करून दिली की लोक त्याला ऊब कशी आहे असे विचारत. म्हातारपणी तो युकॉनला परत गेला तेव्हा त्याला त्याचीच राख म्हणून काहीतरी विकायला ठेवलेले दिसले, असेही सांगतात.

पुस्तक निघाले त्याची हकीकत सर्व्हिसच्या कवितेपेक्षाही त्याच्या लोकप्रियतेबद्दल जास्त सांगते. त्याचे वडील तोवर टोरांटोला येऊन राहिले होते. त्याने कवितांची वही आणि छपाईच्या खर्चाचा धनादेश त्यांच्याकडे पाठवला. मित्रमंडळींना वाटायला थोड्या प्रती काढाव्यात, एवढाच विचार. छापखान्यात खिळे जुळवणारे कामगार जुळवता जुळवता ओळी मोठ्याने म्हणू लागले, प्रकाशनगृहाच्या एका फिरत्या विक्रेत्याने कच्ची मुद्रिते वाचून दाखवत १,७०० प्रतींची मागणी आगाऊ मिळवली, आणि प्रकाशकाने धनादेश परत पाठवून दहा टक्के मानधनाचा करार पुढे केला. प्रकाशनाची तारीख उजाडण्याआधीच पुस्तकाची सात मुद्रणे झाली. त्या विक्रेत्याने पुस्तक दुकानदारांना दिले नाही, ऐकवले. आणि खिळे जुळवणाऱ्यांना ते वाचायचे नव्हतेच, त्यांच्या बोटांखालून जाताना ते त्यांच्या तोंडात शिरले. ही कविता डोळ्यांसाठी नव्हतीच, आणि ही गोष्ट समीक्षकांच्या आधी छापखान्यातल्या माणसांना कळली.

या १९०७ च्या पहिल्या पुस्तकाचे नावही त्या मातीतलेच होते. आंबवलेल्या पिठाचा गोळा जपून ठेवून, आपल्याकडे विरजण ठेवतात तसा, त्यातला थोडा थोडा वापरून हिवाळाभर पाव भाजणाऱ्या जुन्या मुरलेल्या माणसाला तिकडे सावरडो म्हणत. नदी गोठताना आणि पुन्हा फुटताना पाहिल्याशिवाय ही पदवी मिळत नसे. नवख्याला चीचाको म्हणत, आणि १९०९ च्या दुसऱ्या पुस्तकाच्या नावात तो शब्द आला. पहिल्या पुस्तकाने सर्व्हिसला एक लाख डॉलरहून अधिक पैसा मिळवून दिला असे म्हणतात. ओढ्यातली वाळू चाळणाऱ्या हजारोंपैकी फार थोड्यांना एवढे सोने सापडले.

आता आरोपांकडे वळू. सर्व्हिसला कवितेचा दर्जा नाही असे म्हणणाऱ्यांशी स्वतः सर्व्हिसच भांडला नाही. आत्मचरित्रात त्याने लिहून ठेवले आहे की आपल्याला हवी होती ती कविता नव्हे, पद्य. रस्त्यावरच्या माणसाचे लक्ष जाईल, आजीबाई वहीत चिकटवून ठेवतील, शाळकरी पोरगा घडाघडा म्हणेल आणि गुत्त्यातला माणूस चारचौघांत उद्धृत करील असे काहीतरी. याला कुणी विनय म्हणतात, कुणी व्यापारी चतुराई. मला ते एका कारागिराने आपल्या मालाबद्दल केलेले साधे विधान वाटते. कुंभाराला तू शिल्पकार नाहीस असे म्हटले तर तो रागावत नाही. त्याला विचारायचे ते घागर गळते का, एवढेच.

मराठी वाचकाला ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये, कारण आपण कवी आणि शाहीर असे दोन शब्द पूर्वीपासून वेगळे ठेवले आहेत. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर असलेले हॅरी ॲक्वर्थ यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने १८९१ मध्ये पोवाड्यांचा संग्रह छापला आणि १८९४ मध्ये त्यांतल्या काहींची इंग्रजी रूपे प्रसिद्ध केली, तेव्हा पोवाड्याला त्यांनी बॅलड हाच शब्द वापरला. तो संग्रह नुसता वाचून कुणी म्हणू लागला की यात पुनरुक्ती फार आहे, यमके ओढूनताणून आणली आहेत, आकडे फुगवले आहेत, तर ते सगळे खरे असेल. पण डफ, तुणतुणे आणि जी-जी करणारे झीलकरी काढून घेऊन पोवाड्याची परीक्षा करणे म्हणजे लग्नाच्या पंगतीतली जिलबी दुसऱ्या दिवशी शिळी खाऊन स्वयंपाक्याला नावे ठेवण्यासारखे आहे. सर्व्हिसच्या हाती डफ नव्हता. म्हणून त्याने तो ओळीतच घातला. एका लांब ओळीत सात आघात, ओळीच्या पोटात एक यमक आणि ओळींच्या टोकांना दुसरे, अशी त्याची बांधणी आहे. त्यामुळे म्हणणारा कुठे अडखळलाच तर पोटातले यमक त्याला हात धरून टोकाच्या यमकापर्यंत पोचवते. पाठांतर सोपे जावे म्हणून केलेली ही योजना आहे, आणि तिच्यात कारागिरी नाही असे म्हणणाऱ्याने तशा साठ ओळी लिहून पाहाव्यात.

काही वर्षांपूर्वी कॅलगरीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीच्या घरी मी ही कविता पहिल्यांदा तोंडी ऐकली. तिची मुलगी तेव्हा सहावीत होती आणि शाळेत म्हणून दाखवण्यासाठी सॅम मॅगी पाठ करत होती. समोर सोफ्यावर तिची आजी, म्हणजे माझी मावशी, वाती वळत बसलेली. मुलीने एकेक कडवे इंग्रजीत म्हणायचे आणि आजीला मोडक्या मराठीत सांगायचे असा खेळ चालला होता. गोष्ट अशी: सॅमला थंडी सोसत नाही, नाताळच्या दिवशी कुत्र्यांच्या गाडीवरून जाताना तो सोबत्याकडून वचन घेतो की मी मेलो तर मला या बर्फात पुरू नकोस, माझे दहन कर. दुसऱ्या दिवशी तो मरतो. सोबती ते प्रेत गाडीला बांधून मैलोगणती ओढत नेतो. सरपण कुठेच नाही. शेवटी लबार्ज सरोवराच्या काठी बर्फात अडकलेली एक सोडून दिलेली बोट दिसते, तिच्या बॉयलरमध्ये तो जाळ करतो आणि सॅमला आत ढकलतो. मावशी वात वळायची थांबली आणि म्हणाली, "जाळलं ना शेवटी? मग झालं तर. शब्द दिला होता, पाळला त्यानं. यात हसण्यासारखं काय आहे गं?"

मुलगी गोंधळली, आणि मीही. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आले की मावशीने कवितेचा एक अख्खा थर बाजूला करून दुसरा उघडा केला होता. १९०७ च्या कॅनडात दहन ही विचित्र, जवळजवळ अघोरी गोष्ट होती; त्या देशातले पहिले दहनगृह मॉन्ट्रियलला उभे राहिले त्याला तेव्हा पाच-सहा वर्षेच झाली होती. श्रोत्याच्या अंगावर काटा आणणे हे कवितेचे अर्धे काम दहन या शब्दावरच भागत होते. आपल्याकडच्या आजीबाईंना त्या शब्दाने काही होत नाही. त्यांना दिसते ते मेलेल्या मित्राला दिलेला शब्द, आणि तो पाळण्यासाठी एकट्याने त्या बर्फातून केलेली पायपीट. कविता विनोदी आहे असे समजून तिकडचे श्रोते जे सहज ओलांडून जातात ते त्या गोष्टीचे खरे हाड आहे, आणि ते एवढे भक्कम आहे की भाषा, धर्म आणि हवामान बदलले तरी मोडले नाही. पुढे शेवट सांगितला, की सोबती भीत भीत भट्टीचे दार उघडून पाहतो तर सॅम आत मजेत बसलेला, आणि म्हणतो दार लाव बाबा, टेनेसी सोडल्यापासून पहिल्यांदाच ऊब मिळाली आहे, तेव्हा मावशी तोंडाला पदर लावून इतकी हसली की वातींचे तबक खाली गेले.

न पाहिलेले लिहिले, हा आरोप मला आणखी पोकळ वाटतो. बॅलड लिहिणारा प्रसंगाच्या मागून येतो, हाच त्या प्रकाराचा नियम आहे. तलवार चालू असताना कुणी डफावर थाप मारत नाही. सर्व्हिसने ऐकले, आणि ऐकायला बँकेच्या गल्ल्याइतकी चांगली जागा त्या मुलखात दुसरी नसावी. मागे राहिलेले, हरलेले, परत जायचे भाडे नसलेले आणि बढाया मारायला भरपूर वेळ असलेले लोक त्याच्या खिडकीसमोर उभे राहत. प्रत्यक्ष धावपळीत जे होते त्यांनी रोजनिशा लिहिल्या, पत्रे लिहिली, आठवणी लिहिल्या. त्यांतल्या कित्येक अस्सल आहेत आणि इतिहासकारांच्या फार उपयोगाच्या आहेत. पण खोलीभर माणसांना गप्प बसवील असे त्यांच्यापैकी फार थोड्यांना लिहिता आले. डॅन मॅग्र्यूच्या कवितेत बर्फातून आलेला एक अर्धमेला अनोळखी माणूस गुत्त्यातल्या पियानोवर बसतो आणि ते वाजवणे ऐकताना बाकीच्यांना काय काय जाणवते याचे वर्णन येते: भूक, पण पोटाची नव्हे, घराची, शेकोटी, चार भिंती, आपले माणूस. मग दिवे जातात, दोन गोळ्या सुटतात. गोळीबार कुणालाही लिहिता आला असता. पियानो लिहिण्यासाठी मात्र वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षी परक्या देशात संत्री तोडत फिरावे लागते.

अर्थात त्याचे सगळेच लिखाण या तोडीचे नाही, आणि त्याच्या बाजूने बोलताना हे लपवण्यात अर्थ नाही. युकॉनचा कायदा सांगणारी जी कविता त्याच पुस्तकात आहे ती मला साफ नावडते. तीत भूमी स्वतः बोलते आणि आपल्याला धडधाकट पुरुषच हवेत, दुबळ्यांनी मरावे असे बजावते. तिथे गोष्ट नाही, माणूस नाही, नुसते व्याख्यान आहे, आणि त्या काळी साम्राज्याच्या गप्पा मारणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी असलेला बळी तो कान पिळीचा सिद्धांत आहे. गोष्ट हातातून सुटली की सर्व्हिसचा ठेका पोकळ डब्यासारखा वाजू लागतो. पुढच्या पुस्तकांत असे बरेचदा झाले आहे.

त्याचे पुढचे आयुष्य थोडक्यात सांगता येईल. १९०८ मध्ये त्याची बदली क्लॉन्डाइक नदीच्या मुखाशी वसलेल्या डॉसन गावी झाली, पुढच्या वर्षी त्याने बँक सोडली आणि टेकडीच्या पायथ्याशी दोन खोल्यांची एक लाकडी ओंडक्यांची झोपडी भाड्याने घेतली. तिथे तो रात्री लिहीत बसे; भिंतीवर कागदाच्या गुंडाळ्या लावून मोठ्या अक्षरांत ओळी लिहायच्या आणि मागे सरून त्या डोळ्यांनी आणि तोंडाने पारखायच्या, अशी त्याची रीत होती. १९१२ मध्ये तो युकॉनमधून बाहेर पडला आणि पुढची शेहेचाळीस वर्षे जगला, पण परत म्हणून तिकडे गेला नाही. बाल्कन युद्धाची बातमीदारी, पॅरिस, फ्रेंच पत्नी, पहिल्या महायुद्धात रेड क्रॉसची रुग्णवाहिका चालवणे, त्या अनुभवावरचे आणि रणांगणात पडलेल्या भावाला अर्पण केलेले पुस्तक, ब्रिटनीतल्या लान्स्यू गावातले समुद्राकाठचे घर, दुसऱ्या महायुद्धात हॉलिवूडमध्ये काढलेली वर्षे आणि १९४२ च्या एका चित्रपटात स्वतःचीच केलेली छोटीशी भूमिका, असा सगळा पसारा आहे. ११ सप्टेंबर १९५८ रोजी तो लान्स्यूत वारला. आठ वर्षांच्या उत्तरेने त्याला जन्मभर पोसले, आणि पुन्हा न जाण्यात त्याचा शहाणपणा होता असे मला वाटते. शाहिराने गड पुन्हा पाहायला जाऊ नये, तिथे आता चहाची टपरी असते.

तर आता पहिला आरोप खऱ्या आरोपींकडे वळवू. सर्व्हिसची लोकप्रियता जसजशी पक्की होत गेली तसतशी त्याची गोष्ट हीच त्या प्रदेशाची गोष्ट ठरली. डॉसनमधली त्याची झोपडी सरकारने जतन केली आहे आणि उन्हाळ्यात तिच्या अंगणात पर्यटकांना कविता म्हणून दाखवल्या जातात. खऱ्या सॅम मॅगीची झोपडी व्हाइटहॉर्सच्या संग्रहालयात आहे. टपाल तिकीट निघाले, टेड हॅरिसनच्या भडक सुंदर रंगांतले सॅम मॅगीचे चित्रपुस्तक १९८६ पासून मुलांच्या हातात आहे, अमेरिकन गायक जॉनी कॅशने ती कविता आपल्या आवाजात मुद्रित करून ठेवली. यांतल्या एकाही गोष्टीला माझा विरोध नाही. विरोध आहे तो पर्यटन खात्याच्या आणि पाठ्यपुस्तकांच्या त्या सवयीला, जी या कवितांकडे बोट दाखवून म्हणते की युकॉन असे होते. कारण या कवितांत युकॉनची माणसे जवळजवळ नाहीतच.

क्लॉन्डाइक हा शब्दच मुळात तिथल्या मूळ रहिवाशांच्या हान भाषेतल्या त्रोन्डेक या नदीच्या नावाचा गोऱ्या जिभेने केलेला अपभ्रंश आहे. त्या नदीच्या मुखाशी दगडी हातोड्यांनी खुंट ठोकून, बांध घालून सामन मासे धरणारे त्रोन्डेक ह्वेचिन लोक तिथे राहत होते. सोने सापडण्याच्या प्रसंगातही स्कुकम जिम, डॉसन चार्ली आणि केट कारमॅक ही युकॉनमधल्याच टॅगिश जमातीची माणसे होती. धावपळ सुरू झाल्यावर नदीमुखाशी असलेली जागा खाणवाल्यांनी आणि दारूवाल्यांनी व्यापली, आणि आयझॅक या प्रमुखाने आपल्या लोकांना मोठ्या युकॉन नदीच्या प्रवाहाबरोबर चार-पाच किलोमीटर खाली मूसहाइड या ठिकाणी नेले. सर्व्हिस डॉसनमध्ये रात्री जागून गाणी लिहीत होता तेव्हा त्याच नदीच्या काठी, चालत जाता येईल इतक्या अंतरावर, हे लोक राहत होते. आणि या आयझॅकने जे केले ते कुठल्याही बॅलडमध्ये शोभेल असे होते. परक्यांच्या या लोंढ्यात आणि शिकवणीत आपली गाणी टिकणार नाहीत हे ओळखून त्याने ती गाणी, नृत्ये आणि नृत्यात वापरायचा दंड अलास्कातल्या आपल्या नातलगांकडे सांभाळायला दिला.

म्हणजे एका काठावर गाणी तयार होऊन जगभर चालली होती आणि त्याच काठावरची दुसरी गाणी जीव वाचवण्यासाठी गाव सोडून चालली होती. सर्व्हिसला हे दिसले नाही, किंवा दिसून त्याच्या कामाचे वाटले नाही. गल्ल्याच्या खिडकीसमोर जे उभे राहिले त्यांचेच त्याने ऐकले, आणि खिडकीसमोर येणाऱ्यांत हे लोक नव्हते. मी याचा दोष त्याच्या कवितेला देत नाही, कारण तिने सगळे सांगण्याचे वचन दिलेले नव्हते. तिने वचन दिले होते ते थंडीने मेलेल्या एका माणसाला. दोष देतो तो तिला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून बाकीचे साक्षीदार घरी पाठवणाऱ्यांना. यावर उपाय म्हणून ती कविता शाळांतून काढावी, झोपडीला कुलूप लावावे असे सुचवणे सोपे आहे, आणि अलीकडे जुन्या लेखकांच्या बाबतीत असली सूचना लगेच पुढे येते. माझ्या मते ते उफराटे ठरेल. मावशीने जे केले ते करावे: गोष्ट पुरी ऐकावी, तीत आपल्याला पटेल ते घ्यावे आणि उरलेल्याला सरळ विचारावे की यात हसण्यासारखे काय आहे. तिच्या शेजारी त्याच काठावरची दुसरी गोष्ट तितक्याच मोठ्या आवाजात सांगितली जावी, आणि ती सांगण्याचा मान आणि खर्च दोन्ही तिथल्या लोकांच्या हाती असावा.

सुदैवाने डॉसनमध्ये हे घडू लागले आहे, आणि ते बाहेरच्या कुणाच्या उपदेशाने घडलेले नाही. १९९० च्या दशकापासून अलास्कातल्या नातलगांकडून ती गाणी परत शिकून आणली गेली. मूसहाइडला वर्षाआड मोठा मेळावा भरतो आणि तिथे ती गायली जातात. १९९८ मध्ये त्रोन्डेक ह्वेचिन लोकांचा जमीन आणि स्वशासन यांविषयीचा करार झाला, आणि २०२३ मध्ये युनेस्कोने या परिसराला जागतिक वारशात घेतले तेव्हा नावात त्रोन्डेक आधी आले, क्लॉन्डाइक नंतर. गावातल्या शाळेला मात्र अजून रॉबर्ट सर्व्हिसचेच नाव आहे. त्या शाळेत मुले हान भाषा शिकतात.